धावत्या मुंग्यांसाठी मोबाईलला कोणते मॅक्रो भिंग घ्यावे? (मर्यादा १५०० रुपये)

परसदारची_शाळा

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळा सरल्यापासून चौथीच्या मुलांबरोबर शाळेच्या आवारातील मुंग्यांची नोंदवही सुरू केली आहे. आमच्या अंदाजाने आतापर्यंत आठ प्रकारच्या मुंग्या दिसल्या. मोठे काळे मुंगळे आणि आंब्याच्या कलमावर पाने जोडून घरटी करणारे तांबडे हुमले मुलांना आधीपासून ठाऊक होते. मात्र जास्वंदीवर पिठ्या ढेकणांभोवती फिरणाऱ्या मुंग्या आणि खाऊच्या डब्याशी येणाऱ्या बारीक मुंग्या यांत किती प्रकार आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. छायाचित्र मोठे करून भिंतीवर दाखवता आले, तर मुलांना स्वतःच फरक शोधता येईल.

माझ्या मोबाईलचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. शिवाय २ मेगापिक्सेलचा एक 'मॅक्रो', म्हणजे बारीक वस्तू जवळून टिपणारा, कॅमेरा दिलेला आहे, पण त्यात मुंगळासुद्धा पुसट येतो. म्हणून ३५० रुपयांचे चिमट्याने लावायचे एक भिंग मागवले. त्याच्या खोक्यावर '१५एक्स' असे छापले आहे. मेलेली माशी त्यातून छान दिसली, परंतु जिवंत मुंगीपुढे त्याचा उपयोग होत नाही, कारण मोबाईल जेमतेम दीड सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तेवढ्यात त्याची सावली पडते, आणि हुमले असतील तर ते थेट मोबाईलवर चढतात. चित्राच्या कडाही जांभळ्या येतात.

१५०० रुपयांपर्यंत याहून चांगले काही मिळेल का? '२०एक्स' किंवा '२५एक्स' घेतल्यास फरक पडेल का? की या रकमेत ही अपेक्षाच ठेवू नये?

भिंगाचे_गणित

ताई, २०एक्स मुळीच घेऊ नका. आपली अडचण भिंग कमी मोठे करते ही नाही, ते गरजेपेक्षा जास्त शक्तीचे आहे ही आहे.

हाताच्या भिंगावर जे 'एक्स' लिहिलेले असते, ते सामान्यतः २५० मिलिमीटरला भिंगाच्या नाभीय अंतराने (दुरून आलेला प्रकाश भिंगामागे जिथे एकवटतो, तिथपर्यंतचे अंतर) भागून काढलेले असते, कारण निरोगी डोळ्याला वस्तू सोयीने जवळ धरण्याचे अंतर २५ सेंटिमीटर मानले जाते. त्या हिशोबाने १५एक्स म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर नाभीय अंतर झाले, आणि मोबाईलपुढे लावलेल्या भिंगापासून वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर असावी लागते. आपल्याला जाणवलेले दीड सेंटिमीटर येथूनच आले. २०एक्स घेतल्यास हे अंतर साडेबारा मिलिमीटरवर येईल आणि मुंगी आणखी बिथरेल. त्यातही सर्व विक्रेते हा आकडा एकाच पद्धतीने काढत नाहीत. नाभीय अंतर १०० मिलिमीटर असलेल्या, म्हणजे १० डायॉप्टर शक्तीच्या (१००० ला मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले की डायॉप्टर मिळतात) भिंगावरही '१०एक्स' छापलेले मी पाहिले आहे, आणि २५ मिलिमीटरच्या भिंगावरही. त्यामुळे एक्सकडे न पाहता मिलिमीटरमधील नाभीय अंतर विचारावे, आणि ते विक्रेत्याला सांगता येत नसेल तर ते भिंग घेऊ नये.

दुसरी बाब धावत्या मुंगीसाठी याहून महत्त्वाची आहे. बहुतेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा स्वतःहून अनंतापासून सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करू शकतो, म्हणजे त्याच्याजवळ स्वतःची साधारण १० डायॉप्टरची चढउतार असते. आता त्यापुढे १०० मिलिमीटरचे भिंग लावा. कॅमेरा अनंतावर असताना मुंगी १०० मिलिमीटरवर स्पष्ट दिसेल, आणि कॅमेऱ्याने जवळात जवळचा फोकस घेतला की दोन्ही शक्ती मिळून २० डायॉप्टर होतील व मुंगी ५० मिलिमीटरवर स्पष्ट दिसेल. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात कॅमेरा तिचा माग काढू शकतो. हाच हिशोब २५ मिलिमीटरच्या भिंगाला लावला तर पट्टा २५ ते २० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतो. आपल्या १७ मिलिमीटरच्या भिंगात तो अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल. मुंगी एका पावलात त्याच्या बाहेर जाते, आणि दोष मात्र आपण आपल्या हाताला देतो.

आता साहजिकच शंका येईल की, दुबळ्या भिंगातून मुंगी लहान दिसणार नाही का? दिसेल, पण त्याला उपाय आहे. ५० मेगापिक्सेलचे कॅमेरे नेहमीच्या चित्रात चार-चार बिंदू एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचे चित्र देतात. मोबाईलमध्ये '२एक्स' निवडल्यावर अनेक मॉडेलांत संवेदकाचा (प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा) फक्त मधला भाग पूर्ण बारकाव्याने वापरला जातो. १०० मिलिमीटरचे भिंग, ५० मिलिमीटर अंतर आणि २एक्स असे घेतले, तर चित्राची रुंदी प्रत्यक्षात सुमारे ३३ मिलिमीटर जागेइतकी भरते. चित्र ४००० बिंदू रुंद असेल तर एका मिलिमीटरला १२० बिंदू आले, आणि आठ मिलिमीटरचा हुमला साडेनऊशे बिंदूंचा झाला. भिंतीवर दाखवायला इतके पुष्कळ आहे. आपल्याला हे सर्व मुंगीपासून पाच सेंटिमीटर दूर राहून मिळते, जिथे उजेडही पोहोचतो.

जांभळ्या कडांविषयी. एकाच काचेचे किंवा प्लास्टिकचे भिंग निळा आणि तांबडा प्रकाश एकाच जागी आणू शकत नाही. दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडून केलेले द्विभिंग हा दोष बराच कमी करते. ही युक्ती नवी नाही, जॉन डॉलंडने तिचे पेटंट १७५८ साली घेतले होते. विक्रेत्याच्या वर्णनात 'अॅक्रोमॅटिक' किंवा 'डबलेट' हा शब्द आहे का, हे अवश्य पाहावे. बाजारात '१०० मिलिमीटर' म्हणून विकली जाणारी मोबाईलची मॅक्रो भिंगे मिळतात, त्यांत अपेक्सेलचे बरेच वापरले जाते. मी माझे सवलतीच्या दिवसांत १४०० रुपयांच्या आत घेतले होते. रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचे भिंग याहून पुष्कळ सरस आहे, पण ते मोठ्या कॅमेऱ्यासाठी केलेले आहे आणि आपल्या मर्यादेत बसणार नाही.

भिंग हाती आल्यावर दोन चाचण्या त्याच दिवशी कराव्यात, म्हणजे परत करण्याची मुदत टळणार नाही. खोलीतल्या छताच्या ट्यूबलाइटची प्रतिमा त्या भिंगाने जमिनीवरील कागदावर पाडावी. ती रेखीव दिसेल तेव्हा भिंग आणि कागद यांतील अंतर पट्टीने मोजले की तेच जवळपास नाभीय अंतर होय. नंतर शाळेतला आलेख कागद सपाट ठेवून त्याचे चित्र घ्यावे. त्यातल्या मिलिमीटरच्या रेघा मोजून चित्राची खरी रुंदी कळते, आणि कडेच्या रेघा किती वाकल्या वा पुसट झाल्या, हेही दिसते. कोपरे थोडे पुसट असणे मुंगीच्या चित्राला चालते. मधला भाग पुसट असेल तर मात्र ते भिंग निःसंकोच परत करावे.

अडगळीतला_कॅमेरा

वरील सर्व हिशोब मला मान्य आहे, परंतु नवे भिंग घेण्याआधी घरात किंवा ओळखीत जुना फिल्मचा कॅमेरा पडलेला आहे का, ते पाहावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचे ५० मिलिमीटरचे भिंग उलटे धरून मोबाईलपुढे आणले की ते २० डायॉप्टरचे अत्यंत शुद्ध मॅक्रो भिंग होते. सहा-सात काचांचे, कडेपर्यंत रेखीव असे भिंग आज या किमतीत कोणी नवे करून देणार नाही. मला माझे पुण्याच्या जुन्या बाजारात ६०० रुपयांना मिळाले.

यात एक सुंदर गोष्ट आहे. पूर्वी ज्या जागी फिल्म असायची, नेमक्या त्याच जागी मुंगी असावी लागते. त्यामुळे अंतर आधीच ठरलेले असते. निकॉनच्या जुन्या भिंगांत बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर असतात, तेवढीच जागा मुंगीला मिळते. भिंगातून येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राचे कडे पूर्ण उघडे ठेवावे. मोबाईलच्या रुंद चित्रात कडेला काळे वर्तुळ येते, म्हणून २एक्स वापरावे. जोडणीसाठी मी मोबाईलच्या जुन्या कव्हरवर पीव्हीसीच्या नळाच्या जोडाचा तुकडा चिकटवला आहे.

कोकणात असल्यामुळे एक सावधगिरी सांगतो. अशी भिंगे घेताना टॉर्चचा उजेड आरपार पाडून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे बघावे, आणि घेतल्यावर पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. माझे पहिले भिंग रत्नागिरीच्या एकाच पावसाळ्यात गेले.

भिंगाचे_गणित

गुणवत्तेविषयी आपले म्हणणे खरेच आहे. मात्र चौथीच्या मुलांच्या हाती द्यायचे असेल, तर मोबाईलपुढे दीडशे-दोनशे ग्रॅमचे भिंग नको. ते ताईंनी स्वतः जमिनीवर टेकवून वापरावे आणि मुलांना हलके द्विभिंग द्यावे.

मुंगी_निरीक्षक

भिंगाची चर्चा चांगली चालली आहे. मी नोंदवहीच्या बाजूने लिहितो, कारण कोणते चित्र हवे आहे हे ठरल्याशिवाय भिंग ठरत नाही.

मुंगीची ओळख पटवण्यासाठी जगभर तीन कोनांतून चित्रे घेण्याची रीत आहे. डोके समोरून, पूर्ण शरीर बाजूने, आणि शरीर वरून. यांतले बाजूचे चित्र सर्वांत उपयोगी, कारण छाती आणि फुगीर पोट यांच्यामधल्या कमरेला एक गाठ आहे की दोन, हे त्यातच दिसते. मुंगळे आणि हुमले यांना एकच गाठ असते. खाऊच्या डब्याशी येणाऱ्या बारीक मुंग्यांपैकी अनेकींना दोन असतात. एवढी एक गोष्ट मुलांना पाहता आली, तरी आठ प्रकारांचे दोन गट आपोआप पडतील. त्यासाठी १०० मिलिमीटरचे भिंग निश्चित पुरेसे आहे.

पुढची पायरी शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची आहे. दंश करणारी तांबूस आगमुंगी, म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा, हिच्या शृंगिकेला १० खंड असतात आणि टोकाशी दोन खंडांची गदा, म्हणजे फुगीर शेंडा, असतो. तिच्याशी गोंधळ होणाऱ्या फायडोली मुंग्यांना आपल्याकडे बहुधा १२ खंड आणि तीन खंडांची गदा असते. हे खंड मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास असतात, म्हणून त्यांच्यासाठी २५ मिलिमीटरचे भिंग आणि स्थिर मुंगी हवी. मेलेली मुंगी चालते. जाळ्यात अडकलेल्या, दिव्याखाली पडलेल्या मुंग्या गोळा करून पांढऱ्या कागदावर ठेवाव्यात. त्या कामाला आपले ३५० रुपयांचे भिंगही उपयोगी पडेल, ते टाकून देऊ नका. जिवंत मुंगी गोठवण्याच्या पेटीत ठेवून सुस्त करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिलेला असतो. मुलांसमोर ते करू नये आणि त्यांच्यामागेही करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण आपण त्यांना मुंगीचे जगणे दाखवायला निघालो आहोत.

जिवंत मुंगी थांबवण्याचा सोपा मार्ग साखरेच्या पाण्याचा आहे. तिच्या वाटेवर काडीने लहानसा थेंब ठेवला की ती पिण्यासाठी थांबते. त्या वेळी तिचे डोके खाली आणि शरीर स्थिर असते. थेंब मोठा ठेवू नये, नाहीतर त्याच्या चमकीत डोके हरवते आणि लहान मुंग्या त्यात अडकतात. दुसरी जागा आपल्याकडे आधीच आहे. पिठ्या ढेकूण किंवा मावा यांच्यातून पाझरणारा गोड द्रव पिण्यासाठी मुंग्या त्यांच्याजवळ बराच वेळ उभ्या असतात. जास्वंदीची ती फांदी कपड्याच्या चिमट्याने एखाद्या काठीला अडकवून स्थिर करावी, कारण या अंतरावर वाऱ्याची झुळूकसुद्धा पुरते.

पुढून मागे जेवढा भाग एका वेळी स्पष्ट दिसतो तो फार थोडा असतो, बहुधा एका मिलिमीटरच्याही आत. म्हणून मोबाईल मुंगीच्या शरीराला समांतर धरावा आणि काहीही सुटले तरी डोळा सुटू देऊ नये. डोळा रेखीव असेल तर पाहणाऱ्याला बाकीची पुसटता खटकत नाही. (सर्वच मुंग्यांना डोळे असतात असे मात्र नाही. जमिनीखाली राहणाऱ्या डोरायलसच्या कामकरी मुंग्यांना ते नसतात. त्या सापडल्या तर मुले चकित होतील.)

उजेडाबद्दल एवढेच सांगतो की, मोबाईलचा फ्लॅश वापरू नये. मुंगळ्याच्या चकचकीत डोक्यावर त्याचा पांढरा ठिपका पडतो आणि खालचे सर्व तपशील जातात. सकाळच्या उन्हात मुंगी आणि सूर्य यांच्यामध्ये बटर पेपर धरायला एका मुलाला सांगावे. मोबाईलमध्ये 'प्रो' पद्धत असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावे.

परसदारची_शाळा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. काल संध्याकाळी माझ्या जुन्या भिंगातून ट्यूबलाइटची प्रतिमा पाडून पाहिली. पट्टीवर अंतर १६ ते १७ मिलिमीटरच्या दरम्यान आले. हे गणित असे घरात पडताळता येते, हे पाहून मी ते सातवीच्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही दाखवले.

१०० मिलिमीटरचे द्विभिंग मागवत आहे. दोन शंका उरल्या आहेत. माझ्या मोबाईलच्या मागे कॅमेऱ्यांचा उंचवटा आहे, त्यावर चिमटा तिरका बसतो. तसेच जुने भिंग लावल्यावर कधी कधी चित्र एकाएकी बदलते आणि समोर काळे दिसते, ते का?

कव्हरचा_उपाय

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. वस्तू जवळ आहे असे वाटले, की काही मोबाईल स्वतःहून दुसरा कॅमेरा सुरू करतात. त्या कॅमेऱ्यासमोर आपले भिंग नसते, चिमट्याची कड असते, म्हणून काळे दिसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ऑटो मॅक्रो' किंवा त्या अर्थाचा पर्याय असेल तो बंद करावा. मुख्य कॅमेरा कोणता, हे ओळखण्यासाठी कॅमेरा सुरू ठेवून एकेका काचेवर बोट ठेवून पाहावे. पडदा झाकला गेला तो मुख्य. भिंगाचे केंद्र त्याच्याच केंद्रावर हवे, दोन मिलिमीटर सरकले तरी चित्राची एक बाजू पुसट होते.

चिमटा तिरका बसत असेल तर मोबाईलला साधे रबरी कव्हर घालून उंचवट्याच्या भोवती तेवढ्याच जाडीची फोमची चौकट चिकटवावी, म्हणजे चिमट्याला सपाट बैठक मिळते. याहून चांगला उपाय म्हणजे चिमट्याऐवजी आट्यांचे भिंग. मोबाईलच्या पुष्कळ भिंगांना १७ मिलिमीटरच्या आट्या असतात आणि त्या मापाचे कडे स्वतंत्र मिळते. ते कव्हरवर नेमक्या जागी चिकटवून टाकले की दरवेळी केंद्र शोधावे लागत नाही. मुलांच्या हातात चिमटा निसटतो, कडे निसटत नाही. मागवण्याआधी आपल्या भिंगाच्या आट्यांचे माप विचारून घ्या.

भिंगाचे_गणित

एक भर घालतो. फोकससाठी पडद्यावर सारखे बोट लावू नये, त्या धक्क्याने मुंगी चौकटीबाहेर जाते. धावती मुंगी असेल तर फोकस कॅमेऱ्यावर सोडावा. थेंबाशी थांबलेली असेल तर एकदा बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करावा, मग श्वास बाजूला सोडत मोबाईलच पुढे-मागे हलवावा आणि सलग चित्रे घेत राहावीत. वीस चित्रांत एक चांगले आले, तरी ते चांगले प्रमाण समजावे.

परसदारची_शाळा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. भिंग आले. ट्यूबलाइटची प्रतिमा ९६ मिलिमीटरवर मिळाली, म्हणजे विक्रेत्याने सांगितलेला आकडा जवळजवळ खरा निघाला. आलेख कागदावर २एक्स ठेवून ३५ मिलिमीटर रुंदी भरते, कोपरे थोडे पुसट आहेत, मधली रेघ न् रेघ स्वच्छ आहे. जांभळी कड फक्त पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेला, तीही अगदी कडेला दिसते. कव्हरवर कडे चिकटवले आहे.

साखरेच्या थेंबाचा उपाय मुंगळ्यांवर पहिल्याच दिवशी लागू पडला. हुमले थेंबाकडे फिरकले नाहीत, पण पाच सेंटिमीटरवरून ते चढूनही आले नाहीत. घरट्याच्या शिवणीवर एकमेकींच्या कमरेला धरून पान ओढणाऱ्या चौघींचे चित्र मिळाले आहे. मुलांनी बाजूची चित्रे भिंतीवर लावून कमरेच्या गाठी मोजल्या आणि आमचे आठ प्रकार सात झाले, कारण ज्यांना आम्ही दोन वेगळ्या मुंग्या समजत होतो त्या एकाच वाटेवरून, एकाच बिळात जाताना सापडल्या. एकीचे डोके फार मोठे आहे, दुसरीचे लहान, आणि दोघींनाही दोन गाठी आहेत.

या फायडोलीच असाव्यात का? मेलेली एक मोठ्या डोक्याची मुंगी मिळाली आहे. तिच्या शृंगिकेचे खंड जुन्या भिंगातून मोजायला बसलो, तर मुलांपैकी दोघांना ११ दिसतात आणि एकीला १२. उद्या दुपारी उजेड चांगला असताना पुन्हा मोजणार आहोत.

मुंगी_निरीक्षक

मोठी डोकी आणि दोन गाठी, म्हणजे फायडोलीच असण्याची दाट शक्यता आहे, त्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या त्यांच्यातल्या सैनिक होत. मोजताना डोक्याला जोडलेला लांब दांडा हा पहिला खंड धरावा, तो बहुधा सुटतो. त्या मुलीचे १२ बरोबर असावेत. शृंगिका कागदावर सरळ पसरून तिचे एक चित्र येथे टाकावे.